घरच्या स्विमिंग पूलला सॉल्ट क्लोरिनेटर बसवायचा? आधी स्लॅब बघा, मग पाऊस, मग यंत्र

"मिठावर करून टाका, केमिकलची कटकटच नको." गच्चीवर किंवा बंगल्याच्या आवारात छोटा स्विमिंग पूल असलेल्या मुंबईकराला हा सल्ला कुणी ना कुणी दिलेलाच असतो. मिठावर पूल चालतो, हे खरं. केमिकल सुटतं, हे मात्र खरं नाही. आणि पैसे मोजण्याआधी जे तपासायला हवं, ते यंत्र विकणारा सहसा विचारत नाही: पूलखालचा स्लॅब कसा आहे, पावसाळ्यात पूल उघडा असतो का, आणि रोज त्या पाण्याकडे कोण बघतं. म्हणून हे सगळं सावकाश, आकड्यांसकट मांडतो.

आकड्यांसाठी एक पूल धरू. गच्चीवरचा, ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद, सरासरी १.२ मीटर खोल. म्हणजे २१,६०० लिटर पाणी. तुमचा पूल दुप्पट असेल तर आकडे दुप्पट करा.

यंत्र नेमकं काय करतं

पाण्यात दर लिटरला साधारण ३ ते ३.४ ग्रॅम मीठ विरघळवायचं. आपल्या पूलला सुमारे ७० किलो लागेल. फिल्टरमधून परत येणारं पाणी एका नळकांड्यातून जातं, त्याला सेल म्हणतात. सेलमध्ये टायटॅनियमच्या पातळ पट्ट्या असतात आणि त्यांवर रुथेनियम-इरिडियमच्या ऑक्साइडचा मुलामा. पट्ट्यांना कमी व्होल्टेजची डीसी वीज मिळाली की एका पट्टीवर मिठातल्या क्लोराइडचा क्लोरीन होतो. दुसरीवर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे सुटतात आणि कॉस्टिक सोडा तयार होतो. क्लोरीन तिथल्या तिथे पाण्यात विरघळून हायपोक्लोरस आम्ल बनतं. जंतू मारणारं हेच. ब्लीचिंग पावडर टाका, टीसीसीएच्या (क्लोरीनच्या) गोळ्या टाका, कॅनमधला हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण, ओता किंवा सेल चालवा, पाण्यात शेवटी काम करतं ते हेच आम्ल. आपलं काम करून, किंवा उन्हात मोडून, त्याचं परत क्लोराइड होतं, म्हणजे पुन्हा मीठ. त्यामुळे मीठ वापरून संपत नाही. पाण्याची वाफ झाली तरी ते मागेच राहतं. ते जातं बॅकवॉशच्या, म्हणजे फिल्टर उलटा धुतलेल्या पाण्याबरोबर, गळतीतून, पोहणाऱ्यांच्या अंगावरून आणि पावसात पूल भरून वाहिला की.

म्हणजे मिठाचा पूल हा क्लोरीनचाच पूल. घरात कुणाला क्लोरीन सोसत नसेल तर हे यंत्र त्यावरचा उपाय नाही. डोळे चुरचुरणं आणि तो ओळखीचा उग्र वास, या दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा क्लोरामाइनमध्ये असतं. घाम, लघवी, अंगावरची क्रीम यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन ही संयुगं बनतात. वास येतोय म्हणजे क्लोरीन जास्त झालाय असं लोक समजतात. खरं तर त्या वेळी मोकळा क्लोरीन बहुधा कमी पडलेला असतो. यंत्र रोज थोडा थोडा क्लोरीन सोडत राहतं, त्यामुळे हा प्रकार कमी होतो, आणि मिठाचं पाणी अंगाला मऊही लागतं. पण पोहण्याआधी शॉवर घेण्याची सक्ती केली तरी पहिला फायदा फुकटात मिळतो.

चवीचं विचाराल, तर समुद्रात लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ असतं. पूलमध्ये त्याचा दहावा हिस्सा, नेहमीच्या आमटीपेक्षाही पुष्कळच अळणी. घरातल्या ज्येष्ठांना बीपीची काळजी वाटते. चुकून मोठा घोट, समजा ३० मिलिलिटर, पोटात गेला तरी त्यात मीठ साधारण ०.१ ग्रॅम. तेवढ्यासाठी कुणाचं पोहणं थांबवू नका.

फायदा खरा कुठे आहे

घरगुती पूलवर आज जे चाललंय, त्याच्याशी तुलना केली की फायदा दिसतो.

बहुतेक ठिकाणी टीसीसीएच्या गोळ्या वापरतात. फ्लोटरमध्ये टाकल्या की झालं, म्हणून सगळ्यांना सोयीच्या वाटतात. पण या गोळीतून क्लोरीनबरोबर सायन्युरिक आम्लही पाण्यात उतरतं. त्यालाच स्टॅबिलायझर म्हणतात. उन्हात क्लोरीन मोडतो, त्याला हे आवर घालतं. स्टॅबिलायझर अजिबात नसेल तर भर उन्हात निम्मा क्लोरीन तासाभराच्या आत उडतो, तेव्हा थोडं तर हवंच. अडचण अशी की क्लोरीन खर्च होतो आणि हे मागे साठत जातं. गोळीतून १० पीपीएम, म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम, क्लोरीन मिळाला की सोबत सुमारे ६ पीपीएम सायन्युरिक येतं. रोजची गरज ३ पीपीएम धरली, तर महिन्याला ५० च्या वर. फेब्रुवारीपासून मेपर्यंत गोळ्याच टाकल्या तर आकडा २०० च्या आसपास जातो. इतक्या स्टॅबिलायझरमध्ये क्लोरीन बांधला जातो. किटमध्ये दिसतो, पण शेवाळ मारत नाही. मग पाणी हिरवं होतं, पूलवाला आणखी गोळ्या टाकतो, आणि शेवटी निम्मं पाणी सोडून द्यायची वेळ येते, तीसुद्धा मे महिन्यात, टँकरचे भाव चढलेले असताना. सेल नुसता क्लोरीन बनवतो, सोबत काही साठवत नाही. माझ्या मते यंत्राच्या बाजूची ही सर्वांत वजनदार गोष्ट.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. ब्लीचिंग पावडर मुंबईच्या दमट हवेत ओल धरते आणि तिची ताकद उतरते. गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर एकाच डब्यात किंवा एकाच मगात एकत्र आली तर आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो. हायपोत ॲसिड मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. जिन्याखालच्या ज्या कपाटात हे सगळं शेजारी शेजारी ठेवलेलं असतं, त्याच्या आसपास मुलं खेळत असतात. यंत्रामुळे क्लोरीनचा साठा खूपच कमी होतो. लहान मुलांच्या घरात हे एवढं कारणही मला पुरेसं वाटतं.

तिसरी गोष्ट, रोज कुणी नसण्याची. माझ्या मामांचं किहीमच्या बाजूला घर आहे. मुंबईहून ते शनिवार-रविवारी जातात, एरवी घर बघणारा गडी बाग, विहीर, कुत्री आणि पूल असं सगळं सांभाळतो. बुधवारी हायपो टाकायचा राहिला की शनिवारी पाणी गढूळ. मामांनी विचारलं, "अरे, मिठानं शनिवारपर्यंत तरी पाणी टिकेल ना?" टिकतं. पंप टायमरवर रोज चालला की सेल रोज आपला हप्ता टाकतो, माणूस लागत नाही. मात्र वीज लागते. कोकणात पावसाळ्यात लाइट किती जाते ते तिथे राहणाऱ्याला सांगायला नको, आणि जुन्या चकतीच्या टायमरचं घड्याळ लाइट गेली की थांबतं, आल्यावर तिथूनच पुढे चालतं. आठवड्याभरात पंप भलत्याच वेळी चालू लागतो. बॅटरीवर वेळ धरून ठेवणारा डिजिटल टायमर घ्यावा. तरीही एक कॅन हायपो घरात असावाच.

स्लॅबचा प्रश्न

इथे मात्र मुंबईतल्या गच्चीवरच्या पूलबद्दल मला मनापासून काळजी वाटते.

आरसीसीतल्या सळ्या गंजत नाहीत याचं कारण काँक्रीट अल्कधर्मी असतं आणि त्यामुळे पोलादावर एक पातळ संरक्षक थर तयार होतो. क्लोराइड तिथवर पोचला की हा थर मोडतो. गंज मूळ पोलादापेक्षा जास्त जागा घेतो, काँक्रीटला आतून ढकलतो, चीर पडते आणि वरचं काँक्रीट सुटून सळी उघडी पडते. वांद्रे, जुहू, वरळीच्या जुन्या इमारतींत बाल्कनीचे तुकडे पडलेले ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे नवं नाही. तिथे खारं वारं बाहेरून काम करतं. मिठाच्या पूलमध्ये खारं पाणी आपण स्वतः भरतो, तेही स्लॅबच्या डोक्यावर.

अंदाज यावा म्हणून एक आकडा. काँक्रीटच्या आपल्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, आरसीसीसाठी काँक्रीट कालवायच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतच क्लोराइड चालतो. ३,२०० पीपीएम मिठाच्या पाण्यात तो सुमारे १,९४० मिलिग्रॅम असतो, म्हणजे जवळपास चौपट. ही मर्यादा कालवायच्या पाण्याची आहे, भरून ठेवलेल्या पाण्याची नाही, हे ध्यानात असू द्या. वॉटरप्रूफिंग धड असेल तर पाणी सळीपर्यंत जातच नाही आणि काही बिघडत नाही. साध्या क्लोरीनच्या पूलमध्येही वर्षभरात थोडंफार मीठ साठतंच, हायपोतूनसुद्धा ते येतं. पण गळका पूल आणि त्यात मीठ, हे दोन्ही एकत्र नको.

गच्चीवर गळती लवकर दिसत नाही, कारण आपल्याकडे टाइल्सखाली ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर असतो. झिरपलेलं पाणी विटांच्या तुकड्यांत महिनोन् महिने मुरून राहतं. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या छताला पिवळा डाग पडेपर्यंत कोबा पूर्ण भिजलेला असतो. मग सोसायटीत तक्रार, इंजिनीअरचा रिपोर्ट, हे सगळं पुढचं.

तेव्हा यंत्राचं कोटेशन मागवण्याआधी बादलीची चाचणी करा. पाऊस नसलेले दोन दिवस निवडा. पूलमध्ये आपोआप पाणी भरणारा फ्लोट व्हॉल्व्ह असेल तर तो आधी बंद करा. हे विसरलं तर सगळी चाचणी फुकट जाते. एक बादली पूलच्याच पाण्यानं भरून पूलच्या पायरीवर अशी ठेवा, की तिचा काठ पाण्याच्या वर राहील आणि आतलं-बाहेरचं पाणी एका पातळीवर येईल. बादलीच्या आतून आणि बाहेरून मार्करनं रेघ मारा. पंप बंद ठेवून २४ तासांनी बघा. दोन्हीकडचं पाणी सारखंच उतरलं असेल तर ती वाफ. बाहेरचं जास्त उतरलं असेल तर पूल गळतोय. मग पंप चालू ठेवून पुन्हा एक दिवस. पंप चालू असतानाच फरक पडत असेल तर गळती पाइपलाइनमध्ये आहे. बाहेरची पातळी ३ मिलिमीटर जास्त उतरली, तर आपल्या पूलमधून दिवसाला ५४ लिटर पाणी कुठेतरी मुरतंय. अशा पूलमध्ये मीठ टाकू नका. आधी गळती, मग बाकीचं.

काठाचा दगडही बघून घ्या. कडप्पा, कोटा, शहाबादी, जैसलमेर, पूलभोवती दिसणारे हे दगड सगळे चुनखडीच्या जातीचे. खारं पाणी दगडाच्या छिद्रांत शिरतं, उन्हात सुकतं, मिठाचे स्फटिक आत फुगतात आणि पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात. सीलर मारलेला असेल आणि काठ रोज साध्या पाण्यानं धुतला जात असेल तर चालून जातं. ग्रॅनाइटला ही भीती कमी. टाइल्सच्या सांध्यांत सिमेंटऐवजी इपॉक्सी ग्राउट असेल तर बरं.

शिडी आणि रेलिंगसाठी ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील लागतं. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच शिड्या ३०४ च्या असतात. खाऱ्या पाण्यात त्यांवर, विशेषतः स्क्रूभोवती आणि पायरीच्या जोडापाशी, चहाच्या रंगाचे ओघळ उतरतात. लोहचुंबक लावून हे दोन ग्रेड ओळखता येत नाहीत. बिलावर ग्रेड लिहून घेणं हाच सोपा मार्ग.

पावसाळ्याचा हिशेब

ज्या देशांत हे यंत्र घरोघरी झालं, तिथल्या माहितीपत्रकात आपला पावसाळा नसतो. सांताक्रूझला जून ते सप्टेंबरमध्ये सरासरी सव्वादोन मीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपला पूल १.२ मीटर खोल आहे. १८ चौरस मीटर उघड्या पाण्यावर सव्वादोन मीटर पाऊस म्हणजे ४०,००० लिटर, पूलच्या पाण्याच्या जवळजवळ दुप्पट. तेवढंच पाणी ओव्हरफ्लोमधून बाहेर जाणार आणि जाताना मीठ घेऊन जाणार. चार महिने मिठाची पातळी राखायची म्हटली तर १२५ किलोच्या वर मीठ पावसाच्या पाइपातून वाहून जातं. मूळचं मीठ होतं ७० किलो. आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तसा दिवस आला तर एका दिवसात मीठ निम्म्याखाली येऊ शकतं.

मीठ साधारण अडीच हजार पीपीएमच्या खाली गेलं की बरीच यंत्रं दिवा लावून थांबतात. कमी मिठात सेल रेटत राहिलं तर पट्ट्यांवरचा मुलामा लवकर झिजतो. बरोबर स्टॅबिलायझरही वाहून जातं.

यावर मला पटलेला मार्ग असा: जूनच्या सुरुवातीला सेल काढा, साफ करा, सुकवून घरात ठेवा, त्या जागी सोबत येणारं साधं पाइप बसवा आणि पावसाळाभर हायपोवर चालवा. ऊन कमी, पोहणारे कमी, क्लोरीनही कमी लागतो. पाणी मात्र उभं सोडू नका. क्लोरीन नाही आणि पंप बंद, अशा पूलमध्ये पावसाळ्यात डासांच्या अळ्या होतात आणि डेंग्यू घरातच पोसला जातो. पाऊस सरला की मीठ मोजा, साधारण ६० किलो पुन्हा लागेल, आणि ऑक्टोबर हीट सुरू होताना सेल परत चढवा. पूलवर पक्कं छप्पर असेल तर हा सगळा भाग सोडून द्या.

वाहून जाणारं पाणी झाडांवर सोडू नये. नारळ तग धरेल. कुंड्यांतला मोगरा, कढीपत्ता, लिंबू ३,००० पीपीएमचं पाणी सोसत नाहीत. बॅकवॉशचं पाणीही बागेला देणं बंद करावं लागेल.

पैशाचं गणित

आपल्या पूलला रोज ३ पीपीएम क्लोरीन, म्हणजे ६५ ग्रॅम. १० टक्क्यांच्या हायपोत ते ६५० मिलिलिटर होतं. हिशेबापुरता हायपो ३० रुपये लिटर, मीठ २० रुपये किलो आणि वीज १२ रुपये युनिट धरतो. तुमच्याकडचे भाव घालून बघा. ऑक्टोबर ते मे, आठ महिन्यांत हायपोचे वाचणारे पैसे सुमारे ४,७००. सेलला क्लोरीनच्या दर ग्रॅममागे साधारण ६ वॉट-तास वीज लागते, म्हणजे दिवसाला ०.४ युनिट, आठ महिन्यांत साडेअकराशे-बाराशे रुपये. मिठाचे १,२०० गेले. उरले तेवीसशे-चोवीसशे. सेल साधारण तीन ते सहा वर्षं चालतो. सहा धरली तरी त्या मुदतीत १४,००० रुपये वाचले. नवा सेल याहून महाग मिळत असेल तर पैसे वाचत नाहीत, हे सरळ आहे.

तेव्हा "क्लोरीनचा खर्च वाचतो" हे कारण छोट्या पूलला लागू पडत नाही. बंगल्याचा ८०,००० लिटरचा पूल असेल तर वाचणारे पैसे जवळजवळ चौपट होतात आणि यंत्राची किंमत सहसा त्या प्रमाणात वाढत नाही. तिथे हे कारण थोडं पटतं. बाकीच्यांनी सोय आणि सुरक्षितता यांची किंमत म्हणूनच याकडे बघावं.

आणि सोय हवी असेल तर आणखी एक रस्ता आहे, जो कुणी आपणहून सुचवत नाही. छोटा डोसिंग पंप. हायपोच्या कॅनमधून टायमरवर थोडा थोडा डोस पाइपलाइनमध्ये सोडतो. पाण्यात मुद्दाम मीठ नाही, पावसाळ्यात काढघाल नाही, स्लॅबची भीती कमी. कॅन सावलीत, ॲसिडपासून लांब ठेवायचा आणि दोन-तीन आठवड्यांपुरताच आणायचा, कारण आपल्या उन्हाळ्यात हायपोची ताकद भराभर उतरते. गच्चीवरच्या जुन्या पूलला मी आधी हाच सुचवतो.

यंत्र बसलं तरी जे करावंच लागतं

पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्ल-अल्कतेचा आकडा, चढतो. सेलमधले हायड्रोजनचे बुडबुडे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढतात, म्हणून मिठाच्या पूलला ॲसिड नेहमीपेक्षा जास्त वेळा लागतं, बहुधा दर आठवड्याला. पीएच ७.२ ते ७.८ मध्ये ठेवायचा. वर गेला की क्लोरीन ढिला पडतो आणि सेलच्या पट्ट्यांमध्ये चुन्याचा पांढरा थर बसतो, बाथरूमच्या नळाच्या जाळीवर बसतो तोच. थर साचला की क्लोरीन कमी बनतो. मग सेल काढून पातळ केलेल्या ॲसिडनं धुवायचा. पातळ करताना ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही. चमचा किंवा स्क्रूड्रायव्हर घालून थर खरवडू नका, मुलामा निघतो आणि सेल तिथेच संपतो.

पाणी कुठून येतं यावर बरंच अवलंबून आहे. महापालिकेचं तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी मऊ असतं, चुन्याचा थर कमी धरतं. टँकरचं किंवा बोअरवेलचं पाणी जड असू शकतं, किनाऱ्याजवळ मचूळही. आरओवाला पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा पेनासारखा टीडीएस मीटर आणतो, तो मीठ टाकण्याआधी एकदा पूलमध्ये बुडवा. आधीच १,००० दाखवत असेल तर मिठाचं प्रमाण त्यानुसार कमी करा. पाण्यात लोह असेल तर क्लोरीन लागताच ते तपकिरी होतं, ते आधी काढावं लागेल.

मीठ कुठलंही चालत नाही. भांडुप-मुलुंडच्या मिठागरांची आठवण काढून कुणी जाडं मीठ स्वस्तात आणून देईल, पण त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि माती असते. आयोडीन नसलेलं, गुठळ्या न होण्याची पावडर न घातलेलं शुद्ध मीठ घ्या. सोसायट्यांच्या सॉफ्टनर प्लँटला जे लागतं, ते शुद्ध असेल तर चालतं. टाकल्यावर पूर्ण विरघळेपर्यंत, निदान एक दिवस, सेल बंद ठेवून नुसता पंप चालवा.

स्टॅबिलायझर उघड्या पूलला ६० ते ८० पीपीएम ठेवावं लागतं. सेल हळूहळू क्लोरीन बनवतो, ऊन तो तितक्याच वेगानं खातं, म्हणून. आणि स्टॅबिलायझर ६० असेल तर मोकळा क्लोरीन ३ च्या खाली जाऊ देऊ नका.

मोजणं सुटत नाही. इथे एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. पूलवाल्याच्या पेटीतलं किट बहुतेकदा थेंब टाकल्यावर पिवळं होणारं असतं. ते एकूण क्लोरीन दाखवतं, त्यात कामातून गेलेली क्लोरामाइनसुद्धा आली. नळीतलं पाणी छान पिवळं, आणि पूलमध्ये जंतू मारायला काही नाही, असं होऊ शकतं. गुलाबी होणारं डीपीडी किट घ्या. ते मोकळा क्लोरीन वेगळा दाखवतं. यंत्राच्या पडद्यावर येतो तो आकडा यंत्र किती टक्के जोरानं चाललंय याचा. पाण्यात काय आहे, ते किटच सांगेल.

रविवारी वीस मुलं पूलमध्ये उतरून गेली आणि क्लोरीन एकदम १० पीपीएमनं वाढवायचा असेल, तर तासाला १५ ग्रॅम बनवणाऱ्या सेलला चौदा-पंधरा तास लागतील. तिथे दोन लिटर हायपोच कामी येतो.

कोटेशन घेताना

वरचं सगळं बघून बसवायचं ठरलं, तर सेल गरजेच्या दीडपट-दुप्पट क्षमतेचा घ्या. आपल्या पूलला ६५ ग्रॅम रोज लागतात, पंप सहा तास चालतो, तर तासाला १५ ते २० ग्रॅमचा सेल. काठोकाठ क्षमतेचा घेतला तर तो कायम १०० टक्क्यांवर पळतो आणि लवकर संपतो. फ्लो स्विच आहे ना, हे स्वतः तपासा: बसवणाऱ्यासमोर पंप बंद करायला लावा, यंत्रानं त्याच क्षणी थांबायला हवं. नाहीतर थांबलेल्या पाण्यात हायड्रोजन साठतो. लाइनवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच), नीट अर्थिंग, आणि शिडी, रेलिंग, पूलचे दिवे अर्थला जोडलेले. खारं पाणी वीज जास्त सहज वाहून नेतं, इथे काटकसर नको.

आणि कोटेशनवर दोन ओळी लिहून मागा: एकट्या नव्या सेलची आजची किंमत, आणि सेलची वॉरंटी किती तासांची किंवा वर्षांची, त्यात चुन्याच्या थरामुळे झालेलं नुकसान धरलंय की नाही. बरेच जण यंत्राच्या डब्याची वॉरंटी मोठ्या अक्षरात सांगतात. झिजणारी वस्तू सेल आहे. त्याची किंमत लिहून मिळाली की वरच्या १४,००० च्या शेजारी ठेवून बघा, आणि मग घरातल्यांशी बोला.